नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. ती वाटचाल खालच्या सभागृहातील छायाचित्रांत आपण पाहिलीच आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी तिच्यातील माणसांचे ऋणही मानले आहे. तेव्हा मला मिळालेल्या वेळात मी आपल्याला वेगळ्याच ठिकाणी नेणार आहे. समुद्रात राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राणिसमूहाचे, ब्रायोझोआचे, जीवाश्म सापडतात. अशा जीवाश्माचे वर्णन कसे करतात, त्याला नाव कसे देतात आणि त्याची जागा कशी ठरवतात, याविषयी मी बोलणार आहे.

हा विषय का, हे प्रथम सांगते. गेल्या दिवाळीनंतर आपल्यापैकी काही पालकांनी मला एक पत्र दिले. इयत्ता आठवीपासून मुलांच्या तुकड्या गुणांनुसार पाडाव्यात, म्हणजे हुशार मुलांना पुढे जाता येईल आणि मागे पडणाऱ्यांकडे वेगळे लक्ष देता येईल, अशी त्या पत्रातील सूचना आहे. पत्राची भाषा सभ्य आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी वेढलेल्या या शहरात, महाराष्ट्रापासून इतक्या दूर, आपले मूल मराठी शाळेत घालणे हा आजच्या पालकांसाठी धाडसाचा निर्णय असतो. त्या निर्णयाचे चीज व्हावे असे त्यांना वाटले, तर त्यात गैर काही नाही. परंतु त्या पत्राला उत्तर देण्यापूर्वी वर्गीकरण या क्रियेविषयीच आपण थोडा विचार करावा, असे मला वाटले.

मी भाषेची विद्यार्थिनी आहे, भूशास्त्राची नव्हे. नववीच्या वर्गाला वर्णनात्मक लेखन शिकवताना चांगल्या वर्णनाचे नमुने शोधत होते. ललित लेखनातील नमुने पुष्कळ मिळाले. पण नेमकेपणाचा जो धडा मला हवा होता, तो अनपेक्षितपणे जीवाश्मशास्त्रज्ञांच्या लेखनात सापडला. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून आहे.

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. नाव बारशाला ठेवतात. पाळण्याशी वाकून आत्या बाळाच्या कानात ते सांगते. नावे मात्र त्या बाळाला पुढे जन्मभर कोणी ना कोणी ठेवतच राहते. पहिल्या क्रियेला विधी आहे, साक्षीदार आहेत. दुसरीला काहीच लागत नाही. जीवाश्माला नाव ठेवण्याचा विधी किती काटेकोर आहे हे कळले, की मुलांना नावे ठेवताना आपण किती सैल असतो, याची जाणीव तीव्र होते.

आता या प्राण्यांची ओळख करून देते. ब्रायोझोआ हा शब्द ग्रीक आहे. 'ब्रायॉन' म्हणजे शेवाळ आणि 'झोऑन' म्हणजे प्राणी; शेवाळासारखा दिसणारा प्राणी, असा त्याचा अर्थ. समुद्रातील शिंपल्यांवर, खडकांवर, जहाजांच्या तळांवर नाजूक जाळीची लेस पसरावी तसे त्यांचे थर दिसतात. काही जाती झुडपासारख्या उभ्या वाढतात. भिंगाखाली पाहिले, की ही लेस म्हणजे एक वसाहत आहे, हे कळते. तिच्यातील प्रत्येक घटकजीव बहुधा एक मिलिमीटरहूनही लहान असतो आणि स्वतःच्या कोठडीत राहतो. कोठडीच्या तोंडातून तो बारीक शुंडकांचा मुकुट बाहेर काढतो आणि पाण्यातले अन्नकण टिपतो. एक डिंभ कोठेतरी स्थिरावतो, त्याचा पहिला घटकजीव होतो, त्याला कोंब फुटत जातात आणि शेकडो, कधी हजारो कोठड्यांची वस्ती उभी राहते. पुष्कळ जातींत श्रमविभागणीही असते. काही घटकजीव अन्न मिळवतात, काही भ्रूण सांभाळतात, तर काही पक्ष्याच्या चोचीसारखे होऊन उघडझाप करीत राहतात.

आज जिवंत असलेल्या ब्रायोझोआच्या सुमारे ६,००० जाती ज्ञात आहेत. जीवाश्मरूपात वर्णिलेल्या जातींची संख्या त्याहून कितीतरी अधिक आहे. याचे कारण सोपे आहे. बहुतेक ब्रायोझोआंच्या कोठड्यांच्या भिंती चुनखडीच्या असतात, त्यामुळे त्या दगडात टिकतात. आतला मऊ जीव मात्र कुजून जातो. म्हणजे जीवाश्मशास्त्रज्ञाच्या हाती घर येते, घरात राहणारा येत नाही. घराच्या भिंती, दारे आणि खोल्यांची रचना पाहून राहणारा कोण होता, हे त्याला ठरवावे लागते.

या प्राण्यांच्या नशिबी गैरसमज पहिल्यापासूनच होता. अनेक शतके त्यांची गणना वनस्पतींत होत असे. १७५५ मध्ये जॉन एलिस या इंग्रज निरीक्षकाने आपल्या ग्रंथात अशा अनेक 'सागरी वनस्पती' वस्तुतः प्राण्यांनी बांधलेल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकातील निरीक्षणांच्या आधारे मांडले. ब्रायोझोआ हे नाव एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये दिले. त्याच्या चार वर्षे आधी, मार्च १८२७ मध्ये, एडिंबरा येथील विद्यार्थ्यांच्या एका सभेत अठरा वर्षांच्या एका मुलाने फ्लस्ट्रा नावाच्या ब्रायोझोआविषयी आपले निरीक्षण सांगितले होते. ज्यांना लोक त्याची अंडी म्हणत, ती स्वतः हालचाल करतात, असे त्याला दिसले होते. तो मुलगा वैद्यकाच्या अभ्यासात रमत नव्हता आणि पुढे त्याने ते शिक्षण अर्धवट सोडले. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. त्या काळच्या कोणत्याही गुणानुसारी तुकडीत त्याची जागा कोठे लागली असती, याचा विचार आपण करावा.

या अभ्यासाशी आपल्या देशाचेही जुने नाते आहे. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली आणि अरियलूर या परिसरात क्रिटेशस काळातील समुद्राचे गाळथर आहेत. आज अरियलूर हे नाव सिमेंटमुळे परिचित आहे. ज्या चुनखडीचे सिमेंट होते, ती त्या प्राचीन समुद्राची देणगी आहे. तेथील जीवाश्मांचे मोठे वर्णनकार्य फर्डिनांड स्टोलिझ्का यांनी केले. ते १८३८ मध्ये मोराव्हियात जन्मले आणि १८६२ मध्ये कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत दाखल झाले. न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळच्या जीवाश्म ब्रायोझोआंवर त्यांनी १८६५ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला होता. दक्षिण भारतातील क्रिटेशस जीवसृष्टीवरील त्यांच्या ग्रंथमालेतही ब्रायोझोआंना स्वतंत्र स्थान आहे. १८७४ मध्ये मध्य आशियातील मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ होते. त्यांची समाधी लेह येथे आहे. कच्छमधील त्यानंतरच्या काळातल्या चुनखडीतूनही ब्रायोझोआंच्या अनेक जाती भारतीय संशोधकांनी वर्णिल्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एखादा नवा जीवाश्म सापडला, तर त्याचे बारसे कसे होते?

पहिली अट अशी, की नाव एकट्याने येत नाही, ते वर्णनाबरोबरच येते. वर्णनाशिवाय नुसते नाव छापले, तर शास्त्राच्या दृष्टीने त्याला नाव म्हणून स्थान मिळत नाही. ब्रायोझोआच्या जातीचे वर्णन करणारा संशोधक ठरावीक क्रमाने जातो. वसाहत कशी आहे, पृष्ठभागावर पसरलेली की उभी, एका थराची की पाठीला पाठ लावलेल्या दोन थरांची? कोठड्या कशा मांडल्या आहेत, सरळ ओळीत की विटांच्या बांधकामाप्रमाणे आळीपाळीने? कोठडीची लांबी किती, रुंदी किती? येथे एकच कोठडी मोजून चालत नाही. अनेक मोजायच्या, सर्वांत लहान, सर्वांत मोठी आणि सरासरी अशी तिन्ही मापे द्यायची आणि किती कोठड्या मोजल्या, हेही लिहायचे. दाराचा आकार गोल की अर्धगोल? काठावर काटे आहेत काय? चोचीसारखे घटक आहेत काय आणि असल्यास कोठे? भ्रूण सांभाळणारी कोठडी दिसते काय? अतिप्राचीन जीवाश्मांत बाहेरून पुरेसे दिसत नाही. मग दगडाचे तीन दिशांनी पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जे दिसत नाही, तेही 'दिसले नाही' म्हणून लिहायचे असते. ते 'नाही' असे लिहून टाकायचे नसते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट व्यवच्छेदक लक्षणाची. हा शब्द आपण व्याकरणात आणि तर्कशास्त्रात शिकतो. वर्णनात सर्व काही येते, तर व्यवच्छेदक लक्षणात तेवढेच येते, ज्यामुळे ही जाती जवळच्या दुसऱ्या जातीपासून वेगळी ओळखता येईल. म्हणून तुलना अटळ असते. 'अमुक जातीशी साम्य आहे, परंतु हिच्या कोठड्या आखूड आहेत आणि दारापाशी काटे नाहीत', अशी ती तुलना असते. 'उत्कृष्ट', 'सामान्य', 'निकृष्ट' असे शब्द त्या लेखनात आढळत नाहीत.

तिसरी गोष्ट मूळ नमुन्याची. ज्या एका नमुन्यावर नाव बेतले, तो नोंदणी क्रमांकासह शक्यतो एखाद्या संग्रहालयात जपून ठेवायचा असतो. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर वर्णनकर्त्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. तो नमुना पुन्हा काढून पाहता येतो. नाव त्या नमुन्याशी बांधलेले असते.

चौथी गोष्ट जुन्या नावांची. एकाच जातीला वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळी नावे दिलेली असतील, तर ती सारी नावे, वर्षे आणि लेखक यांसह वर्णनाच्या आरंभी मांडायची असतात. कोणी कधी काय मानले, हे त्यामुळे पुसले जात नाही. आपल्या मराठी परिभाषेत या सर्वांत लहान पातळीला 'जाती' म्हणतात. त्या शब्दावर आपल्या समाजातील इतिहासाचे केवढे ओझे आहे, हे मी येथे सांगायला नको. शास्त्रातील जाती मात्र पुराव्याने मांडलेले अनुमान असते आणि नवा पुरावा आला, की ती पुन्हा तपासता येते.

हे सारे ऐकायला कोरडे वाटेल. म्हणून आमच्या नववीच्या वर्गातील एक प्रयोग सांगते. प्रत्येक मुलाला एक चिंचोका दिला आणि त्याचे दहा ओळींत वर्णन करायला सांगितले. नंतर सारे चिंचोके एका ताटात एकत्र केले आणि वह्यांची अदलाबदल केली. शेजाऱ्याचे वर्णन वाचून त्याचा चिंचोका शोधायचा होता. पहिल्या दिवशी बहुतेकांनी 'तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत' असे लिहिले होते, आणि ताटातले सगळेच चिंचोके तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत होते. जेमतेम चार-पाच मुलांना आपापला चिंचोका परत मिळाला. दुसऱ्या आठवड्यात मुले पट्टी घेऊन आली. 'एका बाजूची कड किंचित चपटी, मधल्या डागाची रेषा एका टोकाला तुटलेली, लांबी १४ मिलिमीटर', असे लिहू लागली. त्या दिवशी निम्म्याहून अधिक चिंचोके सापडले. सर्वांत अचूक वर्णन ज्या मुलीचे होते, तिला सहामाहीत मराठीत पन्नासपैकी एकोणीस गुण होते. तिला शुद्धलेखन येत नव्हते, पाहता मात्र येत होते. शुद्धलेखन आम्ही तिला शिकवीत आहोत. परंतु गुणांनुसार तुकड्या पाडल्या असत्या, तर ती आज कोणत्या तुकडीत बसली असती, हे आपल्याला सांगायला नको.

आता एका खऱ्या जीवाश्माची कहाणी ऐका.

कॅम्ब्रियन हा पृथ्वीच्या इतिहासातील कालखंड सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. प्राण्यांचे आजचे बहुतेक मोठे संघ त्या काळातील खडकांत प्रथम आढळतात. ज्यांचा सांगाडा सहज टिकतो, असा एक मोठा संघ मात्र तेथे सापडत नव्हता, आणि तो म्हणजे ब्रायोझोआ. त्यांचे निर्विवाद जीवाश्म त्यानंतरच्या ऑर्डोव्हिशियन काळापासून मिळतात. साऱ्या वर्गाची हजेरी लागावी आणि एकच मूल गैरहजर असावे, तशी ती रिकामी जागा अभ्यासकांना खुपत होती.

२०१० मध्ये एड लँडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण मेक्सिकोतील कॅम्ब्रियन खडकांमधील पायवॅकिया नावाचे काडीसारखे बारीक जीवाश्म ब्रायोझोआ असल्याचे मांडले. २०१३ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील पॉल टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काड्या पुन्हा तपासल्या आणि हे अष्टभुज प्रवाळांचे अवशेष असावेत, असे मत दिले. लँडिंग यांना ते पटले नाही; २०१५ मध्ये त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले.

दुसरीकडे, १९९३ मध्येच ग्लेन ब्रॉक आणि बॅरी कूपर यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील आद्य कॅम्ब्रियन चुनखडीतून मिळालेल्या काही बारीक जीवाश्मांचे वर्णन करून त्यांतील एकाला प्रोटोमेलिशन गेटहाउसी असे नाव दिले होते. 'प्रोटो' म्हणजे आद्य आणि ग्रीकमध्ये 'मेलिशन' म्हणजे मधमाश्यांचे पोळे. 'गेटहाउसी'च्या अखेरची ई ही लॅटिन षष्ठी विभक्ती आहे. आपल्या 'चा, ची, चे' यांचे काम ती करते. काही मिलिमीटरांच्या त्या तुकड्यावर पोळ्यासारख्या खळ्या होत्या. तो कोणाचा, हे सांगता येईल इतका पुरावा नव्हता. म्हणून त्याचे वर्णन झाले, नाव ठेवले गेले, नमुना जपला गेला आणि त्याची जागा अनिश्चित राहिली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे येथे कोणी होऊ दिले नाही. पोळ्यासारखे दिसले, म्हणून पोळ्याचे नाव दिले. त्याहून अधिक दावा केला नाही.

अठ्ठावीस वर्षांनी, २०२१ मध्ये, झांग झिलियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात नवा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियातील आणि दक्षिण चीनमधील नमुने त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने आतून पाहिले. त्यांना पाठीला पाठ लावलेल्या दोन थरांची वसाहत, नियमित मांडलेल्या कोठड्या आणि कोंबांनी झालेली वाढ दिसली. हा ब्रायोझोआच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यामुळे या संघाचा इतिहास सुमारे साडेतीन कोटी वर्षांनी मागे गेला. या लेखकांत १९९३ मध्ये नाव ठेवणारे ग्लेन ब्रॉक होते. पायवॅकियाला नकार देणारे पॉल टेलरही होते. ज्यांनी एका दाव्याला विरोध केला, त्यांनीच दुसऱ्याला पुष्टी दिली, यात मला विसंगती दिसत नाही. त्यांनी प्रत्येक वेळी समोरचा नमुना पाहिला.

रिकामी जागा भरली, असे सर्वांना वाटले. तोच २०२३ मध्ये, त्याच नियतकालिकात, यांग जिए, लान तियान, झांग शिग्वांग आणि मार्टिन स्मिथ यांचा लेख आला. चीनच्या युनान प्रांतात त्यांना याच प्रोटोमेलिशनचे असे नमुने मिळाले होते, ज्यांत मऊ भागही टिकून होते. घरात राहणारा प्रथमच दिसला. ब्रायोझोआ असता, तर कोठडीच्या दारात शुंडके अपेक्षित होती. त्या जागी पानासारखे साधे पापुद्रे होते. हा प्राणी नसून डॅसिक्लाड या गटातील हिरवे शैवाल असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यातील योगायोग पाहा. ज्यांना लोक शेवाळ समजत होते, ते अठराव्या शतकात प्राणी ठरले आणि म्हणून त्यांचे नाव 'शेवाळ-प्राणी' पडले. आणि त्यांचा आद्य पूर्वज म्हणून ज्याचा सन्मान झाला, तोच शैवाल असण्याची शक्यता निघाली. डॅसिक्लाड गटातील आज जिवंत असलेली शैवाले आकाराने मोठी असूनही एकपेशीय असतात. म्हणजे जिला आपण अनेक जीवांची वस्ती समजत होतो, ती कदाचित एकच पेशी असेल. अर्थात या जीवाश्माविषयीची चर्चा २०२३ मध्ये संपली, असेही नव्हे.

आता मला जे सांगायचे आहे, ते असे. या तीस वर्षांत काय बदलले आणि काय टिकले? प्रोटोमेलिशनची जागा दोनदा बदलली. आधी ती अनिश्चित होती, मग ते प्राण्यांच्या एका संघाचे आद्य प्रतिनिधी ठरले आणि नंतर वनस्पतींच्या बाजूला गेले. परंतु १९९३ चे वर्णन टिकले, नाव टिकले, नमुने टिकले. वर्गीकरण चुकू शकते, हे त्या मंडळींनी आरंभीच गृहीत धरले होते. म्हणून ते बदलता यावे, अशी सोय वर्णनात आणि नमुन्यात करून ठेवली होती. ज्याचे नीट वर्णन झाले आहे, त्याच्यावरचा अन्याय पुढे कधीतरी दूर होऊ शकतो. ज्याला नुसते एका कप्प्यात टाकले, त्याच्यावरचा अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या कपाटांत साठ वर्षांची जनरल रजिस्टरे आहेत. या सभागृहात बसलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याची एक ओळ त्यांत आहे. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा. या महोत्सवाच्या निमित्ताने मी ती रजिस्टरे चाळली. वर्तणूक या रकान्यात पानामागून पान 'चांगली', 'चांगली', 'चांगली' असे लिहिलेले आहे. हजारो मुलांचे आम्ही एकाच शब्दात वर्णन केले आहे, आणि त्या शब्दावरून एकही मूल ओळखता येत नाही. ताटातले सगळेच चिंचोके तपकिरी आहेत.

म्हणून त्या पत्राला माझे उत्तर असे आहे. मागे पडणाऱ्या मुलांकडे वेगळे लक्ष हवे, ही मागणी मला पूर्ण मान्य आहे. पुढे धावणाऱ्या मुलांना वाव हवा, हेही मान्य आहे. परंतु एका परीक्षेच्या गुणांवरून तेरा वर्षांच्या मुलाला 'अ' किंवा 'ब' असे नाव देऊन वेगळ्या खोलीत बसवणे मला मान्य नाही. गुण हे एक माप आहे आणि ते हवेच. पण एकच कोठडी मोजून वसाहतीचे वर्णन होत नाही. शिवाय तुकडीला चिकटलेले नाव बदलण्याची सोय कोठेही केलेली नसते. मूल मोठे होते, नाव तसेच राहते.

त्याऐवजी कार्यकारिणीपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे आणि तो मंजूर झाला आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून पाचवीच्या पुढील प्रत्येक मुलासाठी एक निरीक्षण-नोंद राहील. प्रत्येक सत्रात वर्गशिक्षक आणि एक विषयशिक्षक त्या मुलाविषयी चार ओळी लिहितील. 'हुशार', 'चंचल', 'आळशी', 'सामान्य' हे शब्द त्या ओळींत वापरायचे नाहीत. मुलाने काय केले, कधी केले, किती वेळा केले, एवढेच लिहायचे. गणितात अडते, तर नेमके कोठे अडते, अपूर्णांकांच्या बेरजेत की शाब्दिक उदाहरणाचा अर्थ लावण्यात, हे लिहायचे. जे पाहिले नाही, तेथे 'अद्याप पाहिले नाही' असे लिहायचे. जुन्या नोंदी खोडायच्या नाहीत. त्या नोंदींवरून जादा तासिकांचे गट केले जातील. एका मुलाचा गणितासाठी एक गट आणि भाषेसाठी दुसरा असू शकेल, आणि दर सत्राला गट बदलतील. शिक्षकांचे काम याने वाढणार आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या सहकाऱ्यांनी ते स्वीकारले, याबद्दल मी सर्वांसमक्ष त्यांचे आभार मानते.

पालकांनाही एक विनंती आहे. घरी मुलांविषयी बोलताना आधी वर्णन करावे. 'हा अभ्यासच करत नाही' यापेक्षा 'काल हा वीस मिनिटे बसला आणि तिसऱ्या उदाहरणापाशी उठला' हे वाक्य मोठे आहे, पण ते आम्हाला उपयोगी पडते. आणि ते आपल्या मायबोलीत बोलावे. 'किंचित', 'जेमतेम', 'अंमळ', 'चपटा', 'खरबरीत', 'ओबडधोबड' असे बारीक फरक दाखवणारे शब्द मुलाला घरात मिळतात. ते ज्याच्याजवळ आहेत, तो पुढे कोणत्याही भाषेत विज्ञान शिकला, तरी पाहण्यात कमी पडत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, हीरक महोत्सवी निधीसाठी आपण उदार हस्ते मदत केलीच आहे. माझी मागणी छोटी आहे. दहा पट मोठे दाखवणारी चाळीस भिंगे आम्हाला हवी आहेत, म्हणजे एका वर्गातील प्रत्येक मुलाच्या हाती एकाच वेळी एक येईल. आपल्या भागात सापडणारे जीवाश्म, शंख, बिया, कीटकांचे पंख असे काही आपल्या संग्रही असेल, तर तेही द्यावे. मात्र कोठे मिळाले आणि कधी मिळाले, ते चिठ्ठीवर लिहून द्यावे; स्थळाची नोंद नसलेला नमुना अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. आणि आज कार्यालयात जनरल रजिस्टरे पाहण्यासाठी ठेवली आहेत. आपापली ओळ अवश्य शोधा. शेऱ्याच्या रकान्यात 'चांगली' लिहिलेले आढळेल. त्याशेजारी ठेवलेल्या कोऱ्या वहीत, आपण शाळेत असताना नेमके काय करीत होता, हे चार ओळींत लिहून जा. आपल्यानंतर त्याच बाकांवर बसणाऱ्या मुलांना ते वाचायला मिळेल.